पाचच्या ठोक्याची नोंद

सूर्यप्रभा मिल कामगार व वारस समितीत अकरा पदाधिकारी होते आणि काम करणारी एक बाई होती. इतर समित्यांच्या मानाने हे प्रमाण बरंच चांगलं म्हणायचं. मी अकरांपैकी एक, सहचिटणीस. माझ्याकडे इतिवृत्त लिहायचं काम होतं. म्हणजे सभेत जे घडलं ते वगळून बाकीचं सगळं सभ्य भाषेत नोंदवायचं.

समितीची कचेरी लालबागमध्ये, एका चाळीच्या तळमजल्यावर. गिरण्यांच्या संपाला तेव्हा अठ्ठावीस वर्षं झाली होती. मिलच्या जागी काचेचा टॉवर उभा राहिला होता आणि कामगारांना घरं मिळणार अशी बातमी दर दोन वर्षांनी येत होती. त्या वर्षी मात्र बातमीच्या मागोमाग कागद आला. प्रत्येक मिलच्या समितीने आपल्या कामगारांची किंवा त्यांच्या वारसांची यादी तीस तारखेपर्यंत द्यावी. यादी संगणकावरची हवी. त्यात नाव नसेल त्याचा विचार होणार नाही.

यादी करायची म्हणजे संगणक आला आणि संगणक आला म्हणजे तज्ज्ञ आला. आमचे अध्यक्ष वसंतराव धुरी यांनी गिरगावातून अमोघ तळपदे नावाचा गृहस्थ आणला. वय एकोणतीस. पहिल्या दिवशी सगळे त्याला अमोघ म्हणत होते. तो तासभर इंग्रजीत बोलला आणि त्यानंतर तळपदेसाहेब झाला.

साहेबांनी मायएसक्यूएल नावाचा डेटाबेस सुचवला. डेटाबेस म्हणजे नोंदवही, फक्त संगणकातली. त्याच्या बाजूने सर्वांत जोरदार मुद्दा म्हणजे तो फुकट होता. दुसरा मुद्दा ऐकून घ्यायला कोणी थांबलं नाही. त्याचं सगळं आतलं काम जगाला खुलं असतं, कोणीही वाचावं, कोणीही सुधारावं, हे कळल्यावर वसंतराव म्हणाले, "म्हणजे आपल्या समितीसारखाच पारदर्शक कारभार." त्या वेळी समितीच्या घटनेची एकमेव प्रत वसंतरावांच्या घरी होती आणि गेल्या सहा वर्षांत ती कोणी पाहिली नव्हती.

नोंदी करायला बसायच्या मीराबाई लाड. सूर्यप्रभाच्या टाइम ऑफिसात हजेरीपट लिहिण्यात त्यांची उमेद गेली. पन्नाशीत त्यांनी एमएस-सीआयटीचा कोर्स केला आणि बॅचमध्ये पहिल्या आल्या. म्हणून समितीने त्यांना संगणकासमोर बसवलं, पण पदाधिकारी केलं नाही. त्या रोज सकाळी आलेल्या माणसाला टोकन देत, टोकन जुन्या सवयीने वहीत हाताने लिहीत, मग कागद तपासून नोंद करत. प्रिंटरमधून पावती निघे. दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवशीच्या नावांची यादी दाराबाहेर फळ्यावर लागे.

आणि दाराशी स्टुलावर धोंडू मेस्त्री. हा साचे खात्यातला, कापड विणायच्या मागांवरचा, जॉबर. म्हणजे चाळीस साच्यांचा आणि त्यांवर उभ्या राहणाऱ्या विणकरांचा मालक, मालकाने नेमलेला. संपानंतर साचे भंगारात गेले, विणकर गावी गेले, पण धोंडूतला जॉबर कुठे गेला नाही. समितीने त्याच्याकडे किल्ल्या आणि मेन स्विच सोपवला होता.

उद्घाटनाला एक मोठे साहेब यायचे होते. आदल्या दिवशी वसंतरावांनी रंगीत तालीम घेतली. मीराबाईंनी एक नोंद केली. पडद्यावर "नोंद झाली" हे शब्द यायला दीड सेकंद लागला.

"हे काय तळपदेसाहेब?" वसंतराव म्हणाले. "साहेबांसमोर असं ताटकळत बसायचं?"

"तो प्रत्येक नोंद डिस्कवर खरोखर लिहिली गेली का ते तपासून मगच सांगतो. मशीन जुनं आहे, म्हणून वेळ लागतो."

"मग तपासू नको म्हणावं. एवढा संशय कशाला? आपलीच माणसं आहेत."

तळपदेसाहेबांनी खुर्ची ओढली, एक फाइल उघडली, एका ओळीत काहीतरी बदललं आणि डेटाबेस बंद करून पुन्हा चालू केला. आता "नोंद झाली" हे शब्द बोट उचलायच्या आत येऊ लागले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्या बदलाचा अर्थ असा होता की डेटाबेसने नोंद डोक्यात ठेवायची, तोंडाने "झाली" म्हणायचं आणि कागदावर उतरवायचं काम पुढे सवडीने, अर्ध्या-पाऊण मिनिटाने होईल तेव्हा होईल. हा गुण त्या बिचाऱ्याच्या अंगात मुळात नव्हता. आमच्या संगतीत लागला.

अठ्ठावीस वर्षं थांबलेल्या माणसांचा दीड सेकंद वाचवून समितीचं काम सुरू झालं.

धोंडूने पहिल्याच दिवशी आपला नियम लावला. पाच वाजले, हातातल्या टोकनाची पावती निघाली की मेन स्विच खाली.

"धोंडूभाऊ, थांबा," मीराबाई म्हणाल्या, "आधी आतून बंद करायचं असतं. शटडाउन."

"पाळी सुटली काय मशीन बंद. वीस वर्सां ह्याच केलंय."

"हा साचा नाही हो."

"वीज खाता मा? मगे साचोच."

संगणकाला जोडून एक यूपीएस होता, वीज गेली तर थोडा वेळ तग धरण्यासाठी एका पुढाऱ्याने दिलेला. त्याच्या अंगावर पुढाऱ्याचं नाव यूपीएसच्या नावापेक्षा मोठं होतं. स्विच खाली पडला की तो किंचाळू लागे. पाळी सुटल्यावर एखादं यंत्र आवाज करतं, हे धोंडूच्या आयुष्यात प्रथमच घडत होतं. "बोंबलतंस कित्याक?" असं त्याला विचारून धोंडूने त्याचंही बटण दाबलं. तिसऱ्या दिवसापासून तो आधी यूपीएस गप्प करी आणि मग मेन स्विचला हात घाली, म्हणजे तोंडातून शब्दच फुटायला नको.

मीराबाईंनी वसंतरावांना सांगून पाहिलं. वसंतराव म्हणाले, "ज्येष्ठ कामगार आहे. दुखवू नका."

रोज सकाळी मशीन सुरू झालं की डेटाबेस इंग्रजीत दहा-बारा ओळी तक्रार करायचा. मीराबाईंनी त्या ओळी कागदावर उतरवून तळपदेसाहेबांना दाखवल्या. साहेबांनी फोनमधून मान वर न करता सांगितलं, "नॉर्मल आहे."

असे सदतीस दिवस गेले.

मग कौसल्या घाडी आली. तिचा नवरा दौलत सूर्यप्रभात साचे खात्यात होता. संपानंतर गावी गेला आणि चार वर्षांत संपला. ही नायगावला दिराच्या खोलीत राही. खोली दिराची, गॅलरी हिची. दादरला एका पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटून ती चारनंतर सुटे आणि पावणेपाचला लालबागला पोचे. त्या दिवसाचं शेवटचं टोकन तिचं. पावती निघाली, क्रमांक सोळाशे बारा. स्विच खाली पडला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती फळा बघायला आली.

"बाय, माझा नाव नाय हय."

मीराबाईंनी शोधलं. दौलत घाडी हे नाव संगणकात कुठेच नव्हतं. पावती तर हातात होती. काहीतरी चुकलं असेल म्हणून मीराबाईंनी परत नोंद केली. पाच वाजले होते. पावती, स्विच, नमस्कार. तिसऱ्या दिवशी फळ्यावर पुन्हा नाव नाही. परत नोंद. चौथ्या दिवशी, अठ्ठावीस तारखेला, कौसल्या तीन पावत्या घेऊन आली आणि ती बातमी वसंतरावांच्या कानावर गेली.

लगेच तळपदेसाहेबांना बोलावणं गेलं. साहेबांनी कौसल्याकडे पाहिलं नाही, पडद्याकडे पाहिलं. मग त्यांनी उपाय सुरू केले. एका वेळी दीडशे माणसं डेटाबेसला जोडली जाऊ शकत, ती मर्यादा त्यांनी हजारावर नेली. कचेरीत संगणक एकच होता आणि त्यावर मीराबाई एकट्या बसत. मग डेटाबेसला दिलेली मेमरी त्यांनी चौपट केली. तेवढी त्या मशीनमध्येच नव्हती, त्यामुळे डेटाबेस उठेनाच. पाऊण तासाने ती पूर्ववत केली, तेव्हा वसंतराव म्हणाले, "बघा, सुरू केला की नाही!" मग पासवर्ड बदलला. मग व्हायरस शोधला. व्हायरस सापडला नाही, हे साहेबांनी अशा स्वरात सांगितलं की जणू तो पकडून पोलिसांच्या ताब्यात दिला.

"डेटाबेसमध्ये काहीही दोष नाही," साहेबांनी निकाल दिला. "आणि सोळाशे बारा नंबर तर दुसऱ्याच माणसाचा आहे. हे बघा. महादेव गवाणकर, दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वादहा."

सगळ्यांच्या माना कौसल्याकडे वळल्या. ते विचार करणाऱ्यांचं बघणं नव्हतं. गुन्हेगार सापडल्याचं होतं.

"बाई," वसंतराव हळूच म्हणाले, "ही पावती तुम्हाला कोणी करून दिली?"

"तुमच्या मशीनीन."

"संगणक खोटं बोलत नाही, बाई."

"मगे माझ्या हातात काय आसा? लग्नाची पत्रिका?" कौसल्याने तिन्ही पावत्या टेबलावर ठेवल्या. "मी दिसभर चपात्यो लाटतंय. पावत्यो खंयसून छापतलंय?"

"तसं नव्हे. पण दलाल फिरतात हल्ली. तुमच्यासारख्या भोळ्या बायांना…"

"भोळी माझी सासू होती. ती मेली."

तिथल्या तिथे तातडीची सभा भरली. ठराव मांडण्यात आला की सदर महिलेच्या तीन पावत्या संशयास्पद असल्याने उपसमितीकडे चौकशीसाठी सोपवाव्यात आणि अहवाल येईपर्यंत नोंद थांबवावी. अहवालाला पंधरा दिवस. यादी जायला दोन. कोणीतरी, बहुधा मीच, हा फरक दाखवून दिला. वसंतराव म्हणाले, "नियम म्हणजे नियम." नियम दहा मिनिटांपूर्वी तयार झाला होता, अजून ओला होता.

कौसल्याला सगळं कळत होतं. ती ओरडली नाही. फक्त म्हणाली, "अठ्ठावीस वर्सां तेचा नाव खंयच नाय. मिलीत नाय, रेशनकार्डार नाय, खोलयेर नाय. ह्या एका कागदार येतला म्हणून मी चार दीस फेरे घालतंय. तुम्ही चौकशी करा. पण नाव घाला आधी."

ठराव मताला टाकायची वेळ आली तेव्हा मीराबाई उठल्या. त्यांना मत नव्हतं, वही होती. सभा चालू असताना त्या कोपऱ्यात टोकनाची वही आणि संगणकातली यादी शेजारी ठेवून एकेक नाव जुळवत होत्या. टाइम ऑफिसातल्या माणसाला भाषणं ऐकू येत नाहीत.

"चाळीस दिवसांत चाळीस नावं गायब आहेत," त्या म्हणाल्या. "रोज एकच. रोज शेवटचं."

"म्हणजे?" वसंतरावांनी विचारलं.

"म्हणजे पाचच्या ठोक्याला जो समोर असतो तो जातो. बाकी सगळे शाबूत आहेत. आणि त्याचाच नंबर सकाळी पहिल्या माणसाला मिळतो. कौसल्याबाईंची तीन, बाकी सदतीस माणसं. त्यांना पत्ता नाही. पावती मिळाली म्हणून ती घरी निवांत बसलीत."

सगळ्यांनी तळपदेसाहेबांकडे पाहिलं. साहेबांनी छताकडे पाहिलं. मग विचारलं, "संध्याकाळी मशीन बंद कसं करता तुम्ही?"

मीराबाईंनी धोंडूकडे आणि स्विचकडे बोट केलं.

"डायरेक्ट?" साहेब किंचाळले. आवाज यूपीएससारखाच होता. "अहो, लिहून व्हायच्या आत वीज काढली तर नोंद राहील कशी? ती सेटिंग मी त्यासाठी बंद… म्हणजे, ती सेटिंग बंद असताना असं करायचं नसतं!"

"सेटिंग बंद कोणी केली?" मीराबाईंनी विचारलं.

"क्लायंटने स्पीड मागितला होता."

"क्लायंट म्हणजे कोण?" वसंतराव रागाने म्हणाले.

"तुम्ही," मी म्हणालो. हे मला त्या वर्षातलं सर्वांत आनंदाचं वाक्य वाटतं.

त्यानंतरचा अर्धा तास मी इतिवृत्तात लिहिला नाही. अकरा माणसांपैकी प्रत्येकाची चूक नव्हती, हे प्रत्येकाने सविस्तर सिद्ध केलं. एक सूचना अशीही आली की मीराबाईंची वही अधिकृत दस्तऐवज नाही, तेव्हा तिच्यातली सदतीस नावं अस्तित्वातच नाहीत असं मानायला हरकत नसावी. ही सूचना करणारे गृहस्थ पूर्वी कामगार कल्याण खात्याचं काम बघायचे.

या सगळ्यात धोंडू स्टुलावरून उठून टेबलाशी आला. तो सभेत कधी बोलत नसे.

"दौलत माझ्या साच्यांवर होतो," तो कौसल्याला म्हणाला. "साचो बंद करूच्या आधी धोटो थांबलो काय ता बघूचा लागता. अर्ध्यात असलो तर सूत तुटता. ता मी दौलतीक शिकयलंय. नि हय मीच बघूक नाय. माझी चूक, बाय."

साच्यात धोटा आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावतो, तो मध्ये असताना साचा थांबवायचा नाही, हे सूर्यप्रभातल्या कोणत्याही विणकराला झोपेतही ठाऊक होतं. दीड महिना मीराबाई हेच सांगत होत्या. त्यांनी ते इंग्रजी शब्दात सांगितलं, एवढाच त्यांचा अपराध.

कौसल्याने धोंडूला माफ केलं की नाही ते कळलं नाही. तिने विचारलं, "उद्या किती वाजता उघडतास?"

एकोणतीसला तिने दादरला अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली आणि सकाळी दहाला दारात उभी राहिली. ठराव बारगळला होता. म्हणजे तो मंजूर झाला नव्हता आणि नामंजूरही नाही, सगळे घरी निघून गेले होते. तळपदेसाहेबांनी मीराबाईंच्या देखत ती ओळ पुन्हा होती तशी केली. मीराबाईंनी नोंद भरली. दौलत सखाराम घाडी, साचे खाते, वारस पत्नी. दीड सेकंदाने पडद्यावर आलं, "नोंद झाली". पावती निघाली.

कौसल्याने पावती घेतली नाही.

"आता ती बंद करा," ती म्हणाली.

"काय?"

"मशीन. ह्या झिलान अशीच बंद करूची. रोज करता तशी." तिने धोंडूकडे बोट केलं. झील म्हणजे पोरगा; धोंडू एकोणसत्तर वर्षांचा होता. "नि परत चालू करा. मगे माका नाव दाखवा."

"अहो बाई, असं चालू सिस्टिमवर करत नाहीत!" तळपदेसाहेब पुढे आले. "मी सांगतोय ना, आता सेफ आहे."

"तुम्ही चाळीस दीस सांगतास," कौसल्या म्हणाली.

साहेब मागे सरकले. त्यांच्या सगळ्या शिक्षणात, दुरुस्ती झाली की नाही हे वीज काढून बघायचं, ही पायरी असणारच. पण ती करायची कल्पना आमच्यात पहिल्यांदा सुचली ती पोळ्या लाटणाऱ्या बाईला. मीराबाईंनी आधी सगळ्या नोंदींची एक प्रत सीडीवर काढून घेतली, ती पिशवीत टाकली आणि पिशवी खांद्याला लावली. मग, पहिली नोंद एव्हाना शिळी झाली म्हणून, त्यांनी दौलतच्याच नावाची आणखी एक ताजी नोंद केली आणि पावती फाडताच मान हलवली.

धोंडूने यूपीएस गप्प केला आणि मेन स्विच खाली ओढला. पंखा थांबला. पडदा काळा झाला.

पुन्हा स्विच वर. त्या जुन्या मशीनला उठायला चार मिनिटं लागली. दारात रांग लागली होती, ती आत डोकावत होती. वसंतराव घड्याळ बघत होते. तळपदेसाहेब घामाघूम होऊन भिंतीला टेकले होते, कारण आता उत्तर संगणक देणार होता आणि तो खोटं बोलत नाही असं सभेत ठरलं होतं. डेटाबेसने आपल्या इंग्रजी ओळी काढल्या, काय काय सापडलं, काय पुन्हा लिहिलं ते सांगितलं. मीराबाईंनी नाव टाकलं.

दौलत सखाराम घाडी. दोनदा.

कौसल्याने खुर्चीच्या मागून वाकून दोन्ही ओळी वाचल्या. मग मीराबाईंनी एक ओळ तिच्या परवानगीने पुसली.

वसंतराव टाळ्या वाजवायला लागले.

"टाळ्यो कसल्यो वाजवतास?" ती म्हणाली. "सदतीस माणसां ऱ्हवली. उद्या तीस तारीख."

तिने मीराबाईंची वही स्वतःकडे ओढली आणि नावं वाचायला बसली. बारा नावं तिला माहीत होती. हा नायगावला आमच्या पलीकडल्या चाळीत, हिची मुलगी परळला हॉस्पिटलात आया आहे, हा म्हातारा रोज देवळाच्या पायरीवर बसतो. दोघांचे फोन नंबर तिच्या पिशवीतल्या चिटोऱ्यावर होते. दुपारी ती दादरला कामावर गेली नाही. धोंडू स्टूल सोडून तिच्यामागे पत्ते घेऊन निघाला.

तीस तारखेपर्यंत सदतीसपैकी एकतीस माणसं आली. दोघांचे पत्ते आता टॉवरच्या पायाखाली गेले होते. तिघं गावी होती, तिकडे निरोप पोचला पण माणसं पोचली नाहीत. एक बाई दारापर्यंत आली आणि म्हणाली, माझ्याकडे पावती आहे, मला कशाला परत बोलवता? तिला किती समजावलं तरी पटलं नाही. पावतीवर विश्वास ठेवून ती परत गेली.

महिन्याने समितीने कार्यक्रम केला. यादी वेळेत गेल्याबद्दल तळपदेसाहेबांना शाल आणि श्रीफळ. अध्यक्षांनी भाषणात सांगितलं की समितीच्या दक्षतेमुळे एकतीस वंचित वारस शोधून काढण्यात यश आलं. कौसल्या दादरला कामावर होती. मीराबाई शेवटच्या रांगेत होत्या, कारण पुढच्या रांगा पदाधिकाऱ्यांसाठी राखीव होत्या.

इतिवृत्त मी लिहिलं. तांत्रिक अडचण उद्भवली व ती दूर झाली, असं एक वाक्य वसंतरावांनी मला सांगितलं आणि ते मी लिहिलं. त्याखाली राहिलेली सहा नावंही लिहिली, खात्यासकट. वसंतराव म्हणाले, ही खोडा, वाचणाऱ्याचा गैरसमज होईल. मी खोडली नाहीत. यात शौर्य काही नाही. इतिवृत्ताची वही मीराबाईंच्या समोर होती आणि त्या मला पेन देत नव्हत्या.